आवाज चारवर

ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, आणि त्यातले गिटारवादक बी. बी. किंग मी कितीतरी वर्षं ऐकत होते. मडी वॉटर्स, फ्रेडी किंग, ओटिस रश, बडी गाय, सगळे ऐकून झाले होते. कधी गळा दाटून आला, कधी झोप उडाली, पण आपणही एखादी इलेक्ट्रिक गिटार घ्यावी असं काही वाटलं नाही. का वाटावं? रेकॉर्डवरचा माणूस वाजवतो, आपण ऐकतो, हिशेब तिथेच मिटतो. गिटार घ्यावीशी वाटली ती एका अशा गृहस्थांमुळे, ज्यांना आमच्या भागाबाहेर फारसं कुणी ओळखत नाही. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही.

दिवसा ते छापखान्यात काम करतात. आठवड्यातल्या एका संध्याकाळी, जेमतेम तीसेक खुर्च्या मावतील एवढ्या खोलीत ब्लूज वाजवतात. सोबत बास, ड्रम, आणि सवड असेल तर माउथऑर्गन वाजवणारा एक मुलगा. वय साठीच्या आसपास, बोटं जाड, नखांच्या कडेला बऱ्याचदा शाईची रेघ. पहिल्यांदा गेले तेव्हा मागच्या खुर्च्या भरल्या होत्या म्हणून नाइलाजाने पुढे बसले. त्यांचा उजवा हात माझ्यापासून फार तर सहा फुटांवर. पुढचं सगळं त्या सहा फुटांनी घडवलं.

रेकॉर्डवर सूर ऐकू येतो, पण तो कुठून निघाला ते दिसत नाही. इथे दिसत होतं. त्यांची करंगळी सारखी व्हॉल्यूमच्या नॉबवर. गाताना नॉब चारच्या आसपास. ओळ संपली की करंगळी हलायची आणि नॉब सहावर, सातवर जायचा. पुढची ओळ सुरू व्हायच्या आत पुन्हा खाली. दहावर त्यांना मी कधीच जाताना पाहिलं नाही. आणि गंमत अशी की नॉब खाली असताना सूर नुसता लहान होत नव्हता, त्याचा पोतच बदलत होता. चारवर तो स्वच्छ, जरा कोरडा. सातवर त्याला खरखर फुटायची, जोर लावला की सूर गुरगुरायचा, हलकेच छेडला की पुन्हा साफ. पायाशी इफेक्टची एकही पेटी नाही. मागचा लहानसा व्हॉल्व्हचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, अशा जागी लावून ठेवलेला, की गिटारकडून थोडा जास्त जोर आला तर त्याने फाटावं आणि कमी आला तर गप ऐकून घ्यावं. बाकी कारभार करंगळीकडे.

त्या रात्री एक संथ गाणं झालं. त्यातल्या सोलोत त्यांनी सुरुवातीला तीनच सूर वाजवले. तिसरा ताणून वर नेला, थोडा हलवला, सोडला, आणि मग जवळजवळ एक अख्खा बार, म्हणजे चार ठोके, काहीच वाजवलं नाही. नुसते थांबलेही नव्हते. डाव्या हाताची चारही बोटं तारांवर अलगद टेकवून ते त्यांना दाबून धरत होते. इलेक्ट्रिक गिटारवर गप्प बसायचं तर तेही हाताने करावं लागतं. न वाजवलेल्या तारा आपापल्या परीने कुजबुजत राहतात आणि अँप ती कुजबुज इमानदारीने सगळ्यांना ऐकवतो. हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी इलेक्ट्रिक गिटारकडे मोठ्या आवाजाचं वाद्य म्हणून बघत आले होते, आणि इथे एक माणूस शांतता राखण्यासाठी चार बोटं कामाला लावून बसला होता.

मोठ्या आवाजासाठीच ती जन्मली, हेही खरं. डब्ल्यू. सी. हँडी या ब्लूजच्या संगीतकारांनी आपल्या आत्मचरित्रात मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवरच्या एका माणसाची आठवण लिहिली आहे. ती 1903 च्या सुमाराची मानतात. गाडीची वाट बघत ते तिथे थांबले असताना शेजारी कुणीतरी गिटारच्या तारांवर सुरी दाबून घसरवत गात होता. रात्रीचं रिकामं स्टेशन, तिथे साधी लाकडी गिटार भरपूर झाली. पुढे 1910 ते 1970 या काळात साठेक लाख कृष्णवर्णीय माणसं अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. शेतातल्या अर्धलीच्या कर्जातून आणि दहशतीतून सुटायला निघालेली ही माणसं. मडी वॉटर्स त्यांतलेच. 1941 मध्ये स्टोव्हल इथल्या मळ्यावर लोकसंगीत गोळा करणारे ॲलन लोमॅक्स यांनी त्यांचं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा ते तिथे मजूर होते. 1943 मध्ये ते शिकागोला गेले. तिथल्या गजबजलेल्या बारमध्ये, ग्लासांच्या आणि गप्पांच्या कल्लोळात, लाकडी गिटार कुणाच्या कानावर जाणार? लवकरच त्यांच्या हातात इलेक्ट्रिक आली. म्हणजे वीज आली ती गर्दीवर मात करायला.

पण वीज आली तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट घुसली, आणि माझ्या मते ब्लूज बदलला तो तिने. गिटारच्या तारांखाली बसवलेला पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. चुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि वर थरथरणारी पोलादी तार. तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत इवलासा विद्युतप्रवाह जागा होतो. फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवलेला तोच नियम. तारेची हालचाल, एवढंच पिकअपला कळतं. त्यामुळे लाकडी गिटारवर जी गोष्ट वाजवणाऱ्याच्या छातीलाच जाणवली असती, म्हणजे बोटाचं सरकणं, दाब किंचित सैल होणं, सूर विझता विझता त्याला दिलेला शेवटचा हेलकावा, ती शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचू लागली. गर्दीवर ओरडण्यासाठी आणलेल्या यंत्राने पुटपुटायची सोय केली. बी. बी. किंग यांचा तो थरथरता एकच सूर विजेशिवाय शक्यच नव्हता.

गिटार घ्यायची ठरल्यावर मी त्या छापखान्यातल्या गृहस्थांनाच गाठलं. कार्यक्रम संपून ते वायरी गुंडाळत होते.

"कुठली घेऊ?"

"वाजवता काही?"

"कॉलेजात असताना साधी गिटार वाजवायचे. पाच-सहा कॉर्ड येतात."

"मग पुरे. पट्टा लावून उभ्या राहा अर्धा तास. खांदा काय म्हणतो बघा. आणि दुकानातल्या मुलाला सांगा, अँप साधा ठेव, बाकी सगळं बंद कर. एक सूर लावा आणि तो कधी विझतो ते ऐका. दहा सूर वाजवू नका. दहा वाजवले की सगळ्याच गिटारी चांगल्या वाटतात."

यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही. त्यांची स्वतःची गिटार फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची, तीन पिकअपची. मीही तशीच घेणार असं घरच्यांनी गृहीत धरलं होतं. मलाही तसंच वाटत होतं. त्यांच्यासारखा सूर हवा तर त्यांच्यासारखी गिटार, इतकं सोपं गणित.

दुकानात गेल्यावर मात्र हाताने वेगळंच मत दिलं. फेंडरच्या पद्धतीच्या गिटारींत तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंच असते, गिब्सन या दुसऱ्या कंपनीच्या पद्धतीत साधारण पावणेपंचवीस. फरक जेमतेम 19 मिलिमीटरचा, म्हणजे कागदावर नगण्य. पण तीच तार त्याच सुराला लावली की आखूड गिटारवर ताण पाच-सहा टक्क्यांनी कमी पडतो, आणि ज्या बोटांना तार ढकलायची सवय नाही त्यांना तेवढंही समजतं. माझा पंजा लहान आहे. लांब गिटारवर तिसरी तार मी दात-ओठ खाऊन पाऊण सुरापर्यंत नेत होते. आखूड गिटारवर ती तिथे सहज पोहोचत होती.

बाजूला एक मुलगा इतक्या वेगाने वाजवत होता की त्याचे सूर एकमेकांच्या पायात येऊन पडत होते. अशा ठिकाणी एक सूर लावून तो विझेपर्यंत वाट बघत बसायला बऱ्यापैकी धीर लागतो. विक्रेत्याने दोनदा विचारलं, "मॅडम, काही अडलंय का?" नाही बाबा, ऐकतेय.

शेवटी जी घेतली ती जुनी, कुणाच्या तरी हाताखालून आलेली, लेस पॉल ज्युनियरच्या धर्तीची. ही धाटणी गिब्सनने 1954 मध्ये नवशिक्यांसाठी काढली. सपाट लाकडी फळी, तारा टेकतात त्या पुलाजवळ एकच पी-90 पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन, संपलं. नक्षी नाही, पिकअप बदलायचा खटका नाही. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांकडे, म्हणजे फ्रेटकडे, निरखून पाहिलं तर पहिले तीन बऱ्यापैकी झिजलेले आणि सातव्याच्या पुढचे कोरे करकरीत. आधीच्या मालकाने मानेच्या टोकाशीच संसार केलेला दिसत होता. मान किंचित पुढे वाकली होती, ती आतल्या ट्रस रॉडने, म्हणजे मानेतल्या सळीने, सरळ झाली. जॅक हलवला की खरखर यायची, ते काम डाग देण्याइतकंच होतं. एक खोड मात्र जाणार नाही. पूल एकसंध असल्यामुळे प्रत्येक तारेची लांबी वेगवेगळी जुळवता येत नाही, तेव्हा वरच्या पट्टीत एखादी तार जराशी चढी किंवा उतरी राहणारच.

आणि ती गुणगुणते. एकाच गुंडाळीचा पिकअप खोलीतल्या दिव्यांची, वायरिंगची, सगळ्या मेन्सची घरघर उचलतो. यावरचा उपाय गिब्सनच्याच सेथ लव्हर यांनी शोधला. दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडायच्या, दोन्हींना चुंबकाची उलट टोकं द्यायची, म्हणजे घरघर एकमेकींना खाऊन टाकते आणि तारेचा सूर तेवढा उरतो. 1957 पासून तो हंबकर गिटारींवर बसू लागला. तंत्र म्हणून लाजवाब. दुकानात दोन्ही लावून पाहिले. हंबकर गुबगुबीत आणि शांत. पी-90 ला मात्र मी नखाने छेडलं की बोटाच्या पेराने, हे लगेच कळत होतं आणि तो ते सांगूनही टाकत होता. चुका लपवणारी गिटार मला नको होती असा काही थोर विचार नव्हता. मला ती करंगळीची करामत हवी होती, आणि ती या पिकअपवर जास्त उठून दिसत होती. घरघरीचं म्हणाल तर खिडकीकडे तोंड करून बसलं की निम्मी कमी होते.

इथे महाग-स्वस्ताचा वाद काढणाऱ्यांसाठी हाउंड डॉग टेलर यांचं नाव पुरेसं आहे. शिकागोच्या बारमध्ये ते स्वस्तातल्या जपानी गिटारींवर स्लाइड, म्हणजे तारांवर नळी घसरवत, वाजवत. त्यांचं संगीत जगापुढे यावं म्हणून ब्रूस इग्लॉअर यांनी 1971 मध्ये ॲलिगेटर रेकॉर्ड्स ही कंपनी काढली. आवाज कर्कश, फाटका, आणि पाय थांबू न देणारा. बडी गाय यांनी तर लहानपणी घराच्या जाळीतल्या तारा काढून वाद्य बनवलं होतं. अर्थात हे सांगून कुणी वाईट गिटार गळ्यात मारत असेल तर ऐकू नये. ज्या गिटारवर बाराव्या फ्रेटपाशी तारा बोटभर उंच आहेत, तिच्यावर टेलरसाहेबही वैतागले असते.

अँप छोटाच घेतला, पाच वॅटचा. तिथेही विक्रेत्याचा चेहरा पडला. त्याला पन्नास वॅटचा विकायचा होता. पण वॅट दहापट झाले तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. माझ्या भिंतीपलीकडे माणसं राहतात. पाच वॅटचा व्हॉल्व्ह अँप पूर्ण उघडला तर त्यांना पुष्कळ होतो.

घरी आल्यावर खरा अभ्यास सुरू झाला तो तार ताणण्याचा. सूर पूर्ण एक पायरी वर न्यायचा तर कंपनसंख्या बारा टक्क्यांनी वाढते, आणि त्यासाठी तारेवरचा ताण सव्वापट व्हावा लागतो. तो सव्वा बोटाच्या कातड्यातून वसूल होतो. म्हणून अनामिकेने ढकलायचं, मधलं बोट आणि तर्जनी तिच्या मागे आधाराला, आणि जोर बोटांचा लावायचाच नाही, मनगट फिरवायचं, किल्लीसारखं. गिटारवादक स्टीव्ही रे वॉन तेराच्या, म्हणजे 0.013 इंचाच्या तारा लावत, गिटार अर्धा सूर उतरवून. मी नऊच्या लावल्या. शौर्य दाखवायला इतर क्षेत्रं आहेत.

कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधे ब्लूजची एक जागा आहे. ब्लूजच्या सोलोत वापरतात ते पाच सूर मांडले, सा, कोमल ग, म, प, कोमल नी, की समोर धानी राग उभा राहतो. पण खाली वाजणाऱ्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार बसलेला असतो. दोघांचं पटत नाही. मग वाजवणारा कोमल गंधारावर तार थोडीशी, अगदी पाव सुराइतकी, ढकलतो आणि भांडण ऐन रंगात सोडून देतो. त्याला मींड म्हणायची घाई मी करणार नाही, मींडेला कुठेतरी पोहोचायचं असतं. इथे पोहोचायचंच नाही. सूर दोन गंधारांच्या मधे लटकवायचा आणि तो तिथून खाली पडला नाही पाहिजे. पियानोवर ही जागाच नाही, म्हणून तिथे दोन पट्ट्या एकदम दाबून ती जवळपास उभी करतात. गिटारवर ती आहे, फक्त तिच्यावर खूण नाही. त्या छापखान्यातल्या गृहस्थांचा तिसरा सूर नेमका तिथे होता, हे मला गिटार हातात आल्यावर कळलं. ऐकताना नुसतं पोटात हललं होतं.

ब्लूज म्हणजे दुःखाचं संगीत, असं म्हणणारी मंडळी मला आता थोडी कंटाळवाणी वाटतात. बारा बारच्या त्या साच्यात एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची, आणि तिसरीने उत्तर द्यायचं. दुसऱ्यांदा गाताना लोक उत्तराची वाट बघत असतात, आणि तिसऱ्या ओळीत पुष्कळदा विनोद असतो, टोमणा असतो, कधी नुसती शिरजोरी. प्रत्येक ओळीनंतर गळा थांबतो आणि गिटार बोलते. बी. बी. किंग गाणं आणि वाजवणं एकाच वेळी करत नसत. मला जमत नाही, असं ते स्वतःच सांगत. न जमण्यातून केवढी शैली उभी राहिली! गायक हावलिन वुल्फ यांनी आपल्या तरुण गिटारवादकाला, ह्यूबर्ट समलिन यांना, घरी पाठवलं होतं म्हणतात. गाण्यावर गिटार चढते, पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, ठेवून बोटांनी वाजवून बघ. समलिन बोटांनी वाजवू लागले आणि पुढे जन्मभर बोटांनीच वाजवत राहिले.

आमचे गृहस्थ प्रत्येक गाण्याआधी ते मूळ कुणाचं, हे सांगतात. गाव, साल, माहीत असेल तेवढं. कधी सांगणंच लांबतं आणि ड्रमवाला काठ्या मांडीवर आपटत बसतो. मला हे फार आवडतं. हे संगीत आपल्या घरात जन्मलेलं नाही, दुसऱ्यांनी मोजलेल्या किमतीवर आपण ते वाजवतो, ही जाण कुणाला उपदेश न करता दाखवायची याहून बरी रीत मला सुचत नाही. सिस्टर रोझेटा थार्प या गायिका-गिटारवादकांविषयी पहिल्यांदा मी त्यांच्याकडूनच ऐकलं. 1964 मध्ये मँचेस्टरमधल्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर, पावसात, कोट घालून, गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार अडकवून ही बाई उभी राहिली. तिच्या टेलिव्हिजन चित्रीकरणात समोरच्या फलाटावर प्रेक्षक दिसतात, मधे रूळ. ते पाहिल्यावर बायकांच्या हातात इलेक्ट्रिक गिटार शोभते का, असा प्रश्न माझ्यासमोर कुणी काढलेला नाही. काढला तर चित्रीकरण तयार आहे.

काही महिन्यांनी आमच्या गृहस्थांनी मला गिटार घेऊन यायला सांगितलं. सोलो नाही, मागची साथ. दोन तारांवरचा तो ढकलत-ओढत चालणारा ठेका, संपूर्ण गाणंभर. सुरुवातीलाच म्हणाले, "गाणं चालू असताना तुमची गिटार तुम्हालाच सगळ्यात जास्त ऐकू येत असेल, तर ती मोठी झालीय. कमी करा." मी नॉब चारवर आणला. माझ्या गिटारचा नॉब त्यांच्यापेक्षा लांब आहे, वाजवता वाजवता करंगळी पोहोचत नाही. ठेका सोडून हात खाली न्यावा लागतो आणि तेवढ्यात एक ठोका निसटतो. त्यावर त्यांचं म्हणणं, नॉब फिरवूच नका, उजव्या हाताने हळू वाजवा. सोपं वाटतं. वेग कमी न करता जोर कमी करणं हे मनगटाला अजिबात मान्य नसतं. ते दोन्ही एकत्रच कमी करू पाहतं, आणि बासवाला मान वळवून बघतो.

हल्ली सोलोतले शेवटचे चार बार माझ्याकडे येतात. फ्रेटवरचे सातव्याच्या पुढचे कोरे भाग आता थोडे मळू लागलेत. येत्या वेळी टेनर सॅक्सोफोन वाजवणारी एक जण येणार आहे. टेनर सॅक्सोफोन बी फ्लॅट या स्वराच्या पट्टीचा, म्हणून गाणी बी फ्लॅटमध्ये घ्यायची असं ठरलंय. गिटारवाल्यांना ई आणि ए या स्वरांच्या पट्ट्या प्यारे, तिथे मोकळ्या तारा मदतीला येतात. बी फ्लॅटमध्ये मोकळी तार लागली तर बहुतेक वेळा ती बेसूरच. म्हणजे पूर्ण वेळ तारा दाबून धराव्या लागणार, आणि ठेका सहाव्या फ्रेटपासून. मी आमच्या गृहस्थांना निरोप पाठवून विचारलं, एखादं तरी गाणं ए मध्ये घेता येईल का. उत्तर आलं, "तिला विचारा."